पोस्टग्रेसक्यूएल : मेमरी सेटिंग्ज

पोस्टग्रेसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेस सर्व्हरने यंत्रावरची किती मेमरी कोणत्या कामाला वापरायची, हे ठरवणाऱ्या सेटिंग्जचा संच. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत 1986 साली सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून हा डेटाबेस आला. आजचे नाव त्याला 1996 साली मिळाले. सेटिंग्ज मुख्यतः ‘पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ’ या साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. सर्व्हर लहानशा यंत्रावरही सुरू व्हावा म्हणून त्यांचे डीफॉल्ट आकडे मुद्दाम कमी ठेवलेले आहेत. त्यामुळे मोठ्या यंत्रावर ते तसेच ठेवणे म्हणजे घेतलेल्या रॅमचा बराच भाग डेटाबेसच्या हाती न देणे.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस सुरू होते. तिला बॅकएंड म्हणतात. मेमरीचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. काही मेमरी सर्व बॅकएंडमध्ये सामाईक असते आणि सर्व्हर सुरू होताना एकदाच घेतली जाते. बाकीची प्रत्येक बॅकएंड आपापली, गरज पडेल तशी घेतो. सामाईक मेमरी एकदाच मोजायची, खासगी मेमरीचा मात्र गुणाकार करायचा. ‘इतकी रॅम असेल तर इतके आकडे’ अशी तयार कोष्टके हातोहात फिरतात. ती बहुधा पहिल्या भागापुरती बरोबर असतात. दुसऱ्या भागाचा आकडा कनेक्शन किती आणि क्वेरी कशा, हे पाहिल्याशिवाय सांगणे धोक्याचे आहे.

सामाईक मेमरीत सर्वांत मोठा वाटा शेअर्ड बफर्सचा. टेबल आणि इंडेक्स यांची 8 केबीची पाने डिस्कवरून वाचली की इथे येतात आणि त्यांतले बदलही आधी इथेच होतात. डीफॉल्ट 128 एमबी. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या, 1 जीबी किंवा त्याहून अधिक रॅमच्या यंत्रावर 25 टक्क्यांपासून सुरुवात करावी. 40 टक्क्यांपुढे सहसा फायदा होत नाही, असे अधिकृत दस्तऐवज सांगतो. याचे कारण असे, की पोस्टग्रेस फाइली ऑपरेटिंग सिस्टिममार्फत वाचतो आणि तिचाही स्वतःचा कॅशे असतो. एकच पान दोन्हीकडे राहू शकते. शेअर्ड बफर्स फार वाढवले तर तो दुसरा कॅशे आक्रसतो आणि क्वेरींना लागणारी खासगी मेमरीही कमी पडू लागते.

बफरमधून कोणते पान काढायचे, या प्रश्नाचा इतिहास पेटंटशी जोडलेला आहे. जानेवारी 2005 मध्ये आलेल्या 8.0 आवृत्तीत एआरसी ही पद्धत होती. तिच्यावर आयबीएमने पेटंटसाठी अर्ज केलेला असल्याने 8.0.2 मध्ये ती काढून टूक्यू पद्धत बसवली गेली आणि त्याच वर्षीच्या 8.1 आवृत्तीत क्लॉक स्वीप आली. यात प्रत्येक बफरला वापराचा गुण असतो. पान वापरले की तो एकाने वाढतो, जास्तीत जास्त 5 पर्यंत. जागेच्या शोधात फिरणारा काटा ज्या ज्या बफरवरून जातो त्याचा गुण एकाने उतरवतो आणि शून्यावर आलेले पान बाहेर जाते. शेअर्ड बफर्सच्या चौथ्या हिश्शाहून मोठे टेबल सलग वाचायचे असेल तर त्यासाठी फक्त एक छोटीशी जागा आलटून पालटून वापरली जाते. महिनाअखेरच्या एका अहवालापायी दिवसभर लागणारी पाने बाहेर ढकलली जाऊ नयेत, अशी ही उत्तम तजवीज आहे.

इफेक्टिव्ह कॅशे साइझ हे सेटिंग एक बाइटही मेमरी घेत नाही. दोन्ही कॅशे मिळून साधारण किती डेटा हाताशी असेल, याचा अंदाज ते क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या प्लॅनरला देते. डीफॉल्ट 4 जीबी. राखीव यंत्रावर रॅमच्या निम्म्यापासून पाऊणपर्यंत ठेवण्याची पद्धत आहे. आकडा फार कमी असला तर प्लॅनर इंडेक्स सोडून अख्खे टेबल वाचण्याकडे झुकतो.

खरी काळजी घ्यायची ती वर्क मेमची. सॉर्टिंग किंवा हॅशिंगची एखादी पायरी, तात्पुरत्या फाइली करून डिस्कवर जाण्याआधी, किती मेमरी घेऊ शकेल याची ही मर्यादा. डीफॉल्ट 4 एमबी; 2014 सालच्या 9.4 आवृत्तीपूर्वी ते 1 एमबी होते. ही मर्यादा सर्व्हरची नाही, कनेक्शनची नाही, अख्ख्या क्वेरीचीही नाही. ती क्वेरीतल्या एकेका पायरीची आहे. शिवाय हॅशच्या पायरीला हॅश मेम मल्टिप्लायर लागू होतो आणि 15व्या आवृत्तीपासून त्याचा डीफॉल्ट 2.0 आहे. आता 32 जीबी रॅमचे यंत्र घ्या. शेअर्ड बफर्स 8 जीबी, कनेक्शन 200, वर्क मेम 64 एमबी. प्रत्येक क्वेरीत दोन सॉर्ट आणि एक हॅश असेल तर एका क्वेरीला 64, 64 आणि 128 मिळून 256 एमबी लागू शकतात; दोनशे क्वेरी एकदम आल्या तर 50 जीबी. यंत्रावर उरलेत 24. हीच क्वेरी दोन पॅरलल वर्कर घेऊन चालली तर तिचे 256 एमबी तिप्पट होतात. सगळी कनेक्शन एकाच क्षणी इतकी मेमरी मागत नाहीत हे खरे, म्हणूनच असे सर्व्हर कित्येक महिने सुरळीत चालतात आणि नेमके गर्दीच्या दिवशी पडतात.

म्हणून वर्क मेम सर्वांसाठी सरसकट वाढवू नये. आधी गरज मोजावी. लॉग टेम्प फाइल्स हे सेटिंग चालू केले की डिस्कवर गेलेल्या तात्पुरत्या फाइलींची नोंद लॉगमध्ये येते. मग ती क्वेरी एक्सप्लेन ॲनालाइझने चालवून पाहावी. तिथे ‘सॉर्ट मेथड: एक्स्टर्नल मर्ज, डिस्क: 52000 केबी’ अशी ओळ दिसली, तर वर्क मेम 52 एमबी केल्याने भागत नाही. टेबलातल्या त्याच ओळी डिस्कवर दाटीने लिहिल्या जातात, मेमरीत त्यांना अधिक जागा लागते. आकडा चढवत न्यावा. ओळीत ‘क्विकसॉर्ट, मेमरी’ असे दिसले की सॉर्ट रॅममध्ये मावला. मग हा आकडा फाइलीत न लिहिता फक्त अहवाल काढणाऱ्या युजरला अल्टर रोलने द्यावा, किंवा त्या एका ट्रान्झॅक्शनपुरता सेट लोकलने. दुसरा गुणक म्हणजे कनेक्शन. मॅक्स कनेक्शन्सचा डीफॉल्ट 100 आहे. तो हजारावर नेण्यापेक्षा मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर बसवून प्रत्यक्ष कनेक्शन थोडीच ठेवणे केव्हाही चांगले.

व्हॅक्यूम (हटवलेल्या किंवा बदललेल्या, म्हणजे मृत ओळींची साफसफाई), नवा इंडेक्स बांधणे, फॉरिन की जोडणे अशा कामांसाठी मेंटेनन्स वर्क मेम असते. डीफॉल्ट 64 एमबी. ही कामे एका वेळी थोडीच चालतात, म्हणून इथे आकडा मोकळ्या हाताने वाढवता येतो. मात्र ऑटोव्हॅक्यूमचे डीफॉल्ट तीन वर्कर प्रत्येकी तितकी मेमरी घेऊ शकतात. त्यांच्यासाठी ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम वेगळे ठरवता येते. 16व्या आवृत्तीपर्यंत व्हॅक्यूम प्रत्येक मृत ओळीचा पत्ता 6 बाइटमध्ये लिहून ठेवी. म्हणजे 64 एमबीत सुमारे 1 कोटी 12 लाख पत्ते. यादी भरली की सगळे इंडेक्स वाचून साफ करायचे आणि पुन्हा यादी सुरू. 1 जीबीहून अधिक मेमरी दिली तरी व्हॅक्यूम ती वापरू शकत नसे. 2024 सालच्या 17व्या आवृत्तीत ही यादी रॅडिक्स ट्रीच्या रूपात आली, जागा पुष्कळ वाचली आणि 1 जीबीची अटही गेली.

लिनक्सवर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, ह्यूज पेजेस. 8 जीबी शेअर्ड बफर्स म्हणजे कर्नलच्या हिशेबात (डेटाबेसच्या 8 केबीच्या पानांहून वेगळी) 4 केबीची सुमारे 21 लाख पाने. प्रत्येक पानाची 8 बाइटची नोंद धरली तर सगळे बफर हाताळून झालेल्या एका बॅकएंडचा पेज टेबल 16 एमबीचा होतो. 200 बॅकएंडचे मिळून 3 जीबीहून अधिक, आणि हा खर्च कुठल्याही डेटाबेस सेटिंगमध्ये दिसत नाही. 2 एमबीची पाने घेतली तर नोंदी 4096 वर येतात. सेटिंगचा डीफॉल्ट ‘ट्राय’ आहे. कर्नलमध्ये मोठी पाने आधी राखली नसतील तर सर्व्हर मुकाट्याने साध्या पानांवर सुरू होतो. दुसरी, मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा ओओएम किलर. त्याने एकच बॅकएंड मारला तरी सामाईक मेमरी बिघडली असण्याच्या शक्यतेमुळे सर्व्हर उरलेले सर्व बॅकएंड बंद करतो आणि क्रॅश रिकव्हरीतून पुन्हा उभा राहतो. एका क्वेरीच्या हावेपायी सर्वांची कनेक्शन तुटतात. हे टाळण्यासाठी राखीव यंत्रावर कर्नलचे ओव्हरकमिट मेमरी 2 वर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मग मेमरी संपली की बहुधा मागणाऱ्या क्वेरीलाच ‘आउट ऑफ मेमरी’ मिळते आणि बाकीचे काम चालू राहते.

शेअर्ड बफर्स, ह्यूज पेजेस आणि मॅक्स कनेक्शन्स बदलल्यावर रीस्टार्ट अटळ आहे. इफेक्टिव्ह कॅशे साइझ, वर्क मेम आणि मेंटेनन्स वर्क मेम नुसत्या रीलोडने लागू होतात. 9.4 पासून अल्टर सिस्टिम ही आज्ञा देऊनही बदल करता येतात. ते ‘पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ’ या वेगळ्या फाइलीत जातात आणि मुख्य फाइलीतल्या आकड्यांवर मात करतात. मुख्य फाइलीत बदल करूनही तो लागू होत नसेल तर आधी ही फाइल उघडून पाहावी.