वितळलेल्या राजाचा हिशेब

आजच्या भागात मला एका हिशेबाच्या कागदाबद्दल बोलायचंय. कागद अमेरिकेतला, त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातला. पण आधी तो लिहायची वेळ का आली, ते सांगतो.

९ जुलै १७७६. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच संध्याकाळी सैनिक आणि शहरातले लोक बोलिंग ग्रीनच्या चौकात धावले. तिथे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज घोड्यावर बसलेला होता. लंडनच्या जोसेफ विल्टननं घडवलेला हा पुतळा बसवून जेमतेम सहा वर्षं झाली होती. वर सोन्याचा मुलामा, आत शिसं. वजन सुमारे चार हजार पौंड, म्हणजे अठराशे किलो. लोकांनी दोर बांधले, ओढले आणि राजा खाली! दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टननं सैनिकांना समज दिली, की भावना ठीक आहे, पण हे दंगलीसारखं दिसतं.

पुढे चित्रकारांनी चित्रं काढली ती या प्रसंगाची. मला मात्र त्यानंतरचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

बंडखोरांकडे शिशाची फार चणचण होती. न्यूयॉर्कमध्ये तर घरांच्या सरकत्या खिडक्यांमधली शिशाची वजनंसुद्धा काढून घेतली गेली. मग एवढं शिसं कोण सोडणार? तुकडे आधी जहाजानं, मग बैलगाड्यांनी कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी गेले, ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी. जाहीरनाम्यावर नंतर सही करणारे हे गृहस्थ.

इथे धातूचा स्वभाव कामी आला. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. लोखंडासारखी मोठी भट्टी लागत नाही. विस्तव आणि लोखंडी भांडं पुरतं. दारात बसून कथील वितळवणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिलाय, त्यांना कल्पना येईल. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, की गोळी तयार. ती दारूसकट कागदात गुंडाळली, की काडतूस.

आणि आता तो कागद. काडतुसं कोणी किती केली, याची वोलकॉट यांच्या कागदपत्रांमधली नोंद. मिसेस मार्विन ६,०५८. रूथ मार्विन ११,५९२. वोलकॉट यांची मुलगी लॉरा ८,३७८. धाकटी मेरी अ‍ॅन १०,७९०. मुलगा फ्रेडरिक ९३६. मिसेस बीच १,८०२. इतर मंडळी २,१८२. शिवाय स्थानिक शिबंदीला ५० आणि एका रेजिमेंटला ३०० दिलेली. मी बेरीज करून पाहिली. बरोबर ४२,०८८ भरते.

मेरी अ‍ॅन तेव्हा अकरा वर्षांची होती. फ्रेडरिक आठ-नऊ वर्षांचा. म्हणजे ज्या सैन्याच्या शौर्याच्या कथा आपण वाचतो, त्याच्या बंदुकीतला काही दारूगोळा शेजारणींनी आणि शाळकरी वयाच्या मुलांनी घरी बसून केला होता. एरवी अशा कामाची नोंद कुणी ठेवत नाही. इथे दारूगोळा मोजून द्यावा लागत होता, म्हणून ही नावं उरली.

एक गोष्ट राहून जायला नको. शिसं विषारी आहे. त्याची धूळ, वर जमणारी मळी आणि जास्त तापवल्यावर निघणारा धूर शरीरात साचत जातो, आणि मुलांना त्याचा त्रास सगळ्यात जास्त. हे अगदी आज कळलंय असंही नाही. त्याच जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिननं १७८६ मध्ये एका मित्राला पत्र लिहून, तरुणपणी छापखान्यात शिशाचे खिळे तापवून वापरणाऱ्या कामगारांचे हात कसे निकामी होत, ते कळवलं होतं.

म्हणून पुतळा पडतानाचं चित्र कधी बघाल, तेव्हा हा कागदही आठवा. राजा खाली यायला एक संध्याकाळ पुरली. त्याची काडतुसं करताना मेरी अ‍ॅनला तीच कृती दहा हजारांहून जास्त वेळा करावी लागली.

भेटू पुढच्या भागात.