संग्रहणीची कुळकथा

कृष्णाकांठच्या सातारा-सांगलीकडे ‘संग्रहणी’ हा शब्द घरोघर परिचयाचा आहे. खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं, पोट फुगतें, शौचास वारंवार जावें लागतें आणि माणूस पांढरा पडून वाळत जातो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत पंधरावा अध्याय ग्रहणीदोषाचाच आहे, व तेथें ताकास मानाचें स्थान आहे. परंतु या एका नांवाखालीं अनेक विकार नांदतात. त्यांतील एकाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आपलें लहान आंतडें सुमारें २० फूट लांब असतें. मोठ्या आंतड्यांत अब्जावधि जंतु सुखानें राहतात. लहान आंतड्याच्या वरच्या भागांत मात्र ते थोडेच आढळतात. जठरांतील आम्ल त्यांना मारतें, आणि आंतड्याची सततची हालचाल उरलेल्यांना पुढें लोटते. वाहत्या पाण्यावर शेवाळ धरत नाहीं, डबक्यावर धरतें. तोच न्याय येथें आहे. क्षयाच्या व्रणानें आंतडें आकसलें, किंवा शस्त्रक्रियेनंतर एखादी आंधळी पिशवी मागें राहिली, कीं तेथें डबकें सांचतें आणि जंतूंची वस्ती वाढते.

क्षयाचा उल्लेख आपल्या भागास नवा नाहीं. डॉ. विल्यम वानलेस हे १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले व १८९४ सालीं मिरजेस त्यांचें रुग्णालय उभें राहिलें. पुढें सांगली-मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम झालें. फुप्फुसाचा क्षय सर्वांस ठाऊक असतो. तो आंतड्यासही होतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

आंतडें आकसलेल्या रोग्यांस भयंकर पंडुरोग होतो, असें डेन्मार्कच्या क्नुड फाबर यांनीं १८९७ सालीं नमूद केलें. कारण उमगावयास अर्धें शतक लागलें. १९३१ सालीं लुसी विल्स यांनीं मुंबईंतील गरोदर स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा केला. त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. १९४८ सालीं ‘ब-१२’ जीवनसत्त्व हातीं आलें. १९४९ सालीं कॅमेरॉन, वॉटसन व विट्स यांनीं उंदरांच्या आंतड्यांत आंधळ्या पिशव्या करून तोच पंडुरोग उत्पन्न केला. डबक्यांतले जंतु आपल्या ताटांतील ‘ब-१२’ आधींच गिळतात, हें पुढें सिद्ध झालें.

येथेंच खरा धोका आहे. असे जंतु फोलिक आम्ल स्वतःच तयार करतात. म्हणून त्याची उणीव सहसा पडत नाहीं. अशा रोग्यास केवळ फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या, तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतु झिजतच राहतात. पायांस मुंग्या येतात, चाल अडखळते, आणि वेळ गेल्यावर हानि भरून येत नाहीं.

आज श्वासांतील हायड्रोजन मोजून या विकाराचा सुगावा लावतां येतो. जंतुनाशक औषधें व ‘ब-१२’ यांचा उपयोग होतो. मात्र मूळ डबकें कशानें झालें, हें शोधणें अवश्य आहे. घरचें ताक रुचकर खरेंच. परंतु महिनोन्‌महिने चालणारी संग्रहणी आणि पायांचा बधिरपणा यांवर तेवढ्यानें भागत नाहीं. अशा वेळीं वैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये.