हांबुर्गचा नॉर्वेजियन : आस्ब्योर्न हाल्व्हर्सेन

७ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या पोस्ट स्टेडियमवर जर्मनी आणि नॉर्वे यांचा ऑलिंपिक फुटबॉलचा सामना झाला. प्रेक्षकांत हिटलर, गोबेल्स, गोरिंग, हेस अशी त्या राज्यातील सारी बडी मंडळी होती. वास्तविक हिटलरचा बेत नौकांच्या शर्यती पाहण्याचा होता. परंतु डान्झिगचा पक्षप्रमुख फोर्स्टर याने विजयाची खात्री देऊन त्यास फुटबॉलकडे वळविले. आधीच्या सामन्यात जर्मनांनी लक्झेंबर्गवर नऊ गोल चढविले होते, तेव्हा हा भरवसा अगदीच पोकळ होता असे नाही. पण सातव्याच मिनिटास माग्नार इसाक्सनने गोल केला आणि खेळ संपत आला असता दुसराही त्यानेच केला. नॉर्वे दोन, जर्मनी शून्य.

या संघाचा कर्णधार योर्गन युवे हा मूळचा आघाडीचा खेळाडू. देशासाठी त्याने केलेल्या ३३ गोलांचा विक्रम पुढे २०२४ साली हालांडने मोडला. बर्लिनमध्ये मात्र तो सेंटर हाफच्या जागेवर खेळत होता. संघ घडविणारा पुरुष आस्ब्योर्न हाल्व्हर्सेन हाही जुना सेंटर हाफच. आणि समोरच्या जर्मनांचा खेळ त्याच्याइतका जाणणारा माणूस नॉर्वेत दुसरा नसावा.

१८९८ साली सार्प्सबोर्ग येथे जन्मलेला हाल्व्हर्सेन १९२१ च्या सुमारास नोकरीनिमित्त हांबुर्गला गेला आणि एक तपाहून अधिक काळ तेथेच राहिला. त्या काळी सेंटर हाफ हा केवळ बचाव करणारा गडी नसे. चेंडू अडवावा आणि तोच पुढे आघाडीच्या पायांत नेऊन द्यावा, असे त्याचे दुहेरी काम असे. हांबुर्गच्या संघात हाल्व्हर्सेनने पुरविलेल्या चेंडूंचे गोल करणारा धिप्पाड सेंटर फॉरवर्ड म्हणजे ओट्टो हार्डर. १९२३ आणि १९२८ अशी दोनदा या जोडीने जर्मनीचे अजिंक्यपद मिळविले.

हिटलर सत्तेवर आल्यावर हाल्व्हर्सेन मायदेशी परतला आणि फुटबॉल महामंडळाचा सरचिटणीस झाला. राष्ट्रीय संघाची तयारीही त्याच्याकडे आली. बर्लिनमध्ये उपांत्य सामन्यात इटलीने जादा वेळेत नॉर्वेस हरविले, पण आर्ने ब्रुस्टाडच्या तीन गोलांनी पोलंडचा ३–२ असा पाडाव होऊन कांस्यपदक लाभले. १९३८ च्या विश्वचषकातही मार्सेय येथे त्याच इटलीने, पुन्हा जादा वेळेतच, २–१ असा विजय मिळविला. आणि तो चषकही अखेर इटलीनेच नेला.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने नॉर्वे व्यापला. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रीडासंस्था नाझी अंमलाखाली आणण्याचा हुकूम निघाला, तेव्हा खेळाडूंनी सरकारी स्पर्धांवर बहिष्कार घातला. मैदाने ओस पडली. खेळणारे नाहीत आणि पाहणारेही नाहीत, असा हा संप युद्ध संपेतो चालला. १९४२ मध्ये शिक्षकांनी नाझी शिक्षकसंघात जाण्याचे नाकारले. सुमारे १,१०० शिक्षक पकडले गेले आणि त्यांतील कित्येकांना अगदी उत्तरेस किर्केनेसला सक्तीच्या मजुरीस धाडले. धर्मोपदेशकांनीही सरकारी पदांचे राजीनामे दिले. फुटबॉलसारख्या करमणुकीच्या गोष्टीस या पंक्तीत बसविणे काहींना विचित्र वाटेल. परंतु शाळा आणि देवालय यांच्या जोडीने मैदानही आपल्या मुठीत असावे, असे राज्यकर्त्यांस वाटत होते, हे विसरता येत नाही.

या बहिष्कारात हाल्व्हर्सेन पुढे होता. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यास अटक झाली. प्रथम ग्रीनीच्या तुरुंगात आणि पुढील वर्षी नात्सवाइलरच्या छावणीत त्याची रवानगी झाली. नात्सवाइलर येथे दगडाच्या खाणी होत्या. तेथील नॉर्वेजियन कैदी 'रात्र आणि धुके' या वर्गातले, म्हणजे ज्यांचा ठावठिकाणा घरच्यांस कधी कळू द्यायचा नाही, असे होते. तेथून फिरत फिरत १९४५ मध्ये तो हांबुर्गजवळच्या नॉयएनगामे छावणीत पोहोचला. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच्या वेशीवर तो आता रोगाने पोखरलेला कैदी होता.

आणि याच नॉयएनगामेत ओट्टो हार्डर एस. एस. च्या गणवेशात पहारेकरी होता! हाल्व्हर्सेन तेथे येण्यापूर्वीच हार्डरला बढती मिळून हानोव्हरजवळच्या आहलेम छावणीचे प्रमुखपद मिळाले होते. तेथे ज्यू कैद्यांचे अतोनात हाल झाले, अनेक मेले. १९४७ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने हार्डरला पंधरा वर्षांची शिक्षा दिली. ती पुरी न भोगताच १९५१ मध्ये तो सुटला.

हाल्व्हर्सेनची सुटका स्वीडिश रेड क्रॉसच्या पांढऱ्या बसगाड्यांनी केली. त्याची प्रकृती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. तरी तो सरचिटणीसाच्या खुर्चीत परत बसला. १९४८ मध्ये देशव्यापी साखळी स्पर्धा सुरू झाली, तिच्या उभारणीत त्याचे श्रम मोठे होते. जानेवारी १९५५ मध्ये उत्तरेकडील नार्विक येथे तो मरण पावला, तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. पुढल्याच वर्षी हार्डरही हांबुर्गात वारला.