भीमगडचा किल्लेदार

दिवाळीच्या आधी आठ दिवस बेळगावच्या कोणत्याही गल्लीत शिरावे, कालवलेल्या तांबड्या मातीचा वास येतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, कोठेही जा. ओट्यालगत, देवळाच्या आवारात, दोन घरांमधल्या बोळात मुलांचे बांधकाम चालू असते. वसुबारसेपर्यंत तट उभा राहतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पाहुण्यांची ये-जा चालते.

ही चाल थेट शिवकालातली, असे सांगितले जाते. आम्हां वकिलांना ऐकीव साक्ष मानवत नाही, म्हणून तो मुद्दा मी पुढे करीत नाही. शिवस्मरणाला सार्वजनिक रूप कधी आले, हे मात्र सांगता येते. लोकमान्यांनी १८९५ साली ‘केसरी’तून रायगडावरील समाधीचा प्रश्न हाती घेतला आणि पुढच्या वर्षी गडावर उत्सव झाला. त्याच लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना १९१६ च्या एप्रिलात बेळगावी झाली. तिथीच्या शिवजयंतीनिमित्त येथे निघणारी चित्ररथांची मिरवणूक पाहिलेल्या माणसाला मुलांच्या किल्ल्यांचे नवल वाटणार नाही.

माझे बालपण निपाणीकडचे. तिकडची माती काळी. तिचा तट वाळला की त्याला भेगा पडत. वडील शेण आणि भाताचा कोंडा मिसळायला लावीत, तेव्हा कोठे तो धरे. विटा-दगडांची रास करायची, तंबाखूची फाटकी गोणपाटे चिखलात बुडवून तिच्यावर अंथरायची, की डोंगराच्या वळ्या आपोआप पडतात. वरून आळीव किंवा नाचणी पेरली की चार दिवसांत हिरवळ. तळ्याला फुटका आरसा, वाटेला विटांचा चुरा. पुढे दवाखान्यातल्या सलाइनच्या नळीने कारंजेही उडू लागले. पैसे लागत ते चित्रांना, म्हणजे कुंभाराकडच्या मातीच्या बाहुल्यांना. महाराज एक, मावळे चार, एक तोफ, गुहेतला वाघ. आणि पैसे उरलेच तर गवळण. गोकाकच्या जीनगर कारागिरांची रंगीत लाकडी खेळणी ज्यांच्या घरी असत, ते ती सारी खुशाल गडावर मांडीत. एकदा आमच्या गडावर लाकडी पेरू मावळ्यापेक्षा मोठा होता. कोणी हरकत घेतली नाही.

गोव्यातील वाचकांना येथे नरकासुराची आठवण होईल. तोही बांबू, गवत आणि रद्दी यांतूनच उभा राहतो; पण त्याची उंची वाढत गेली, तसा खर्चही वाढला, आणि पहाटे तो जळायचाच असतो. किल्ला लहानच राहिला. अलीकडे मात्र तयार तट व तयार बुरूज विकत मिळू लागले आहेत, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका किल्ले-स्पर्धेत परीक्षक म्हणून गेलो होतो. बहुतेक किल्ले रायगड नाही तर प्रतापगड. शेवटी एका बोळात दहा-अकरा वर्षांच्या मुलाने खानापूर तालुक्यातला भीमगड केला होता. कडे सरळ तुटलेले, चहूकडे दाट रान, खाली चॉकलेटच्या चांदीची म्हादई. पायथ्याच्या गुहेत काळ्या कागदाची वटवाघळे उलटी टांगलेली. तेथील बारापेडे गुहांत राटन यांच्या नावाने ओळखले जाणारे अतिदुर्मीळ वटवाघूळ राहते, हे त्याला आजोबांनी सांगितले होते. आणि गडाच्या दारात, भगव्या धोतरात, उघड्या अंगाने, उभा होता छोटा भीम! हैदराबादच्या राजीव चिलका यांचा हा मानसपुत्र २००८ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागला आणि घरोघरच्या मुलांचा सवंगडी झाला. मुलाने तो विकत आणला नव्हता. तारेचा सांगाडा, त्यावर रद्दीचा लगदा, लगद्यात भिजवून वाटलेली मेथी, धोतराला गेरू आणि हळद. रंगाचा ब्रशदेखील काडीला कापूस गुंडाळून केलेला.

माझे सहपरीक्षक, एक निवृत्त शिक्षक, संतापले. शिवरायांच्या गडावर कार्टून? किल्ला बाद करा! मुलगा हळूच म्हणाला, “भीमगडावर भीम नको काय हो, काका?”

शिक्षकांचा राग खोटा नव्हता. ज्या सीमाभागात १९५६ पासून भाषेचा आणि प्रांताचा वाद धुमसतो आहे, तेथे मुलांचा किल्ला हा निव्वळ खेळ राहत नाही. घरातली मोठी माणसे त्यात आपले मन ठेवतात. तरीही मी मुलाचा वकील झालो. आपले मावळे तरी कोठून आले? त्यांच्या मिशा आणि मंदील मला नेहमी कॅलेंडरांतून आणि भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’सारख्या चित्रपटांतून उतरलेले वाटत आले आहेत. भीम मावळ्यांहून दुप्पट उंच, हा दुसरा आक्षेप. पण देवळातल्या शिल्पांत मुख्य देवता मोठी आणि परिवार लहान असतोच. तेथे आपण फूटपट्टी लावीत नाही. महाराज मात्र या गडावरही सर्वांत वर, सदरेवर, आपल्या जागी बसलेले होते. भीम केवळ दाराशी पहाऱ्यावर.

खरा मुद्दा मी शेवटी मांडला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि १ तमिळनाडूतला, जिंजी. आमचे भीमगड, वल्लभगड, येळ्ळूरचा राजहंसगड त्या यादीत नाहीत. आमच्या स्पर्धांतही ते नसत. (युनेस्कोचा हा दाखला अर्थात आज लिहिताना सुचलेला, त्या दिवशी मी फक्त दुसरा भाग बोललो.) तीस किल्ल्यांत आपल्या तालुक्यातला किल्ला एकाच मुलाने केला, त्यालाच बाद करायचे काय?

शिक्षक बराच वेळ बोलले नाहीत. मग गुहेसमोर उकिडवे बसले आणि वटवाघळे मोजू लागले. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या किल्ल्याला दुसरा क्रमांक लिहिला, आणि शेऱ्यात एवढेच नोंदवले की किल्लेदाराला पागोटे हवे होते. पुढच्या वर्षी मुलाने ते घातले.