तीन वर्षांचे रविवार

वाण्याच्या बिलाची बेरीज मी तीनदा करतो. तिन्ही वेळा निरनिराळी येते, तेव्हा मधली खरी धरून पैसे देतो. अशा माणसाने मर्सेनच्या नादी लागू नये. पण लागलो खरा.

मर्सेन हे फ्रान्समधले ख्रिस्ती साधू. २ ला २ नेच गुणत जायचं आणि शेवटी १ वजा करायचा, असल्या आकड्यांचा त्यांना भारी सोस. त्यांतले मूळ संख्या कोणते, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कुणाच्या भागाकाराला दाद न देणारे कोणते, याची यादी त्यांनी १६४४ साली छापली. २ चा ६७ वा घात उणे १, हा एकवीस आकडी गृहस्थ तीत होता. छापील यादी, त्यातून साधूची! कोण शंका घेणार?

१८७६ साली एदुआर ल्युका यांनी सिद्ध केलं, की ही मूळ संख्या नव्हे. मग अवयव कोणते? ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे चोरी झाली हे पंचनाम्यात आलं, चोराचा मात्र पत्ता नाही. प्रकरण सत्तावीस वर्षं पडून राहिलं.

ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला गणितज्ञांची सभा. प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल उठले, फळ्यापाशी गेले, २ चा ६७ वा घात मांडून १ वजा केला. शेजारी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. दोन्हीकडे एकच उत्तर : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. खडू ठेवला आणि जागेवर येऊन बसले. तोंडातून शब्द नाही. सभेत टाळ्यांचा कडकडाट. ही हकीकत ई. टी. बेल यांनी लिहून ठेवली आहे. आपल्याकडे एवढ्या वेळात वक्त्याचा परिचयही आटोपत नाही.

पुढे बेलनी विचारलं, वेळ किती लागला? कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. बावन्न त्रिक एकशे छप्पन्न! या संख्येच्या मूळ अवयवाला १३४ ने भागलं की बाकी १ उरलीच पाहिजे, एवढी सवलत असते. तरी धाकट्या अवयवापर्यंत असे १४,४५,५८० उमेदवार उभे. कोलनी हुशारीच्या आणखी चाळण्या लावल्या, म्हणून रविवारांवर भागलं. घरच्यांचं मत बेल नोंदवत नाहीत.

परवाच्या रविवारी मीही बसलो. शोधायला नव्हे हो, नुसता पडताळा घ्यायला! सौ.ने मंडईची पिशवी पुढे केली, ती मी हळूच बाजूला सारली. आठ ओळींचा गुणाकार, शून्याची ओळ वेगळी. दुपारी उत्तर आलं. शाळेतला नवांचा ताळा आठवला. कोलच्या दोन्ही संख्यांचा ताळा १, म्हणजे उत्तराचाही १ हवा. आला! घरभर ओरडून सांगितलं. मग पुस्तकाशी आकडे ताडून पाहिले, तर मध्येच ७६ च्या जागी ६७. अंकांची अदलाबदल नवांच्या ताळ्याला कळतच नाही, हे तेव्हा कळलं.

तोवर मंडई उठली होती.

"राहिलेले एकशे पंचावन्न रविवार," सौ. पिशवी खुंटीला लावत म्हणाली, "भाजी तुम्हीच आणायची."