खाडीच्या माथ्यावरचा रस्ता

मुंबई-गोवा महामार्ग कोकणातला खरा, पण त्यावरून जाताना समुद्र क्वचितच दिसतो. असं का, याचं उत्तर मला त्यावरच्या गावांत सापडतं. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही सगळी जुनी बंदरं! भरतीच्या पाण्यावर गलबतं खाडीतून जिथवर आत येत, तिथं माल उतरे आणि पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढे. किनाऱ्याशी खाड्या रुंद, वर त्या अरुंद होतात. पूल बांधायचा तर तिथंच. मोटाररस्ता आला तो या गावांना ओवत आला. २०१० साली सतराचा सहासष्ट झाला, गावं तीच राहिली.

ही वर्दळ किती जुनी? महाडजवळ रस्त्यालगतच्या गांधारपाले लेण्यांत कानभोज विष्णुपालित या राजकुमाराचा शिलालेख आहे. व्यापाराच्या वाटेवरच अशी लेणी कोरली जात. खारेपाटणला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट मिळाला, तो शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा. राजापुरात इंग्रजांची वखार होती. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर हात घातला तो काही उगाच नव्हे.

चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट लागतो. परशुरामानं बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी मिळवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या मते या किनाऱ्याचं सगळं शहाणपण तिच्यात आहे: इथली जमीन पाण्याकडून घेतलेली आहे.

गाळ साचला, गलबतं थांबली, आणि आपण या गावांना फक्त रस्त्यावरचे थांबे समजू लागलो. पाणी मात्र आपली वाट विसरलं नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८चा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली, कितीतरी माणसं गेली. चिपळूण २००५ मध्ये बुडालं आणि २२ जुलै २०२१ला पुन्हा. वर घाटात मुसळधार पाऊस, खाली भरती, त्यात कोयनेच्या वीजघरातलं पाणीही वाशिष्ठीतच उतरतं. भरतीच्या वेळी पुराला समुद्राकडे वाट मिळत नाही, मग ते बाजारपेठेत शिरतं. एकेकाळी हीच भरती तिथं गलबतं आणून सोडत असे.