मालमत्ता व्यवस्थापन (पदव्युत्तर अभ्यासक्रम)

मालमत्ता व्यवस्थापन हा वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणातील एक विषय असून, इतरांचा पैसा त्यांच्या वतीने समभाग, कर्जरोखे, सोने, स्थावर इत्यादींत गुंतवणे व त्याचा हिशेब देणे यांचा अभ्यास त्यात केला जातो. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी आणि विद्यापीठांचे वा धर्मादाय संस्थांचे कायम निधी ही या विद्येची प्रमुख कार्यक्षेत्रे होत. अभियांत्रिकीत रस्ते, जलवाहिन्या, यंत्रसामग्री यांच्या देखभालीलाही हेच नाव आहे. तो विषय वेगळा आहे.

विषयाची घडण

बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रोख्यांच्या विश्लेषणाचे अध्यापन केले आणि १९३४ साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. कंपनीचा ताळेबंद वाचून समभागाचे खरे मोल ठरवणे हे त्यांच्या पद्धतीचे सार होते. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ च्या लेखात निराळा प्रश्न विचारला: एकेक समभाग चांगला असणे पुरेसे आहे, की ते एकमेकांशी कसे वागतात हेही पाहावे? खनिज तेलाचे भाव चढले की तेल काढणाऱ्या कंपनीला लाभ होतो आणि तेलापासून बनणारा कच्चा माल वापरणाऱ्या रंगांच्या कंपनीला झळ बसते. दोन्ही जवळ असल्यास एकीची तूट दुसरी काही अंशी भरून काढते. ज्यांचे चढउतार परस्परांशी निगडित नाहीत आणि ज्यांचे प्रमाण विचलन प्रत्येकी २० टक्के आहे, अशा दोन समभागांत निम्मी-निम्मी रक्कम ठेवली, तर एकत्रित विचलन सुमारे १४ टक्क्यांवर येते. हे अर्थशास्त्रच नव्हे, असा आक्षेप मार्कोविट्झ यांच्या पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी घेतला होता. पुढे १९९० साली मार्कोविट्झ, विल्यम शार्प आणि मर्टन मिलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अभ्यासक्रम

संख्याशास्त्र, लेखाशास्त्र, समभाग व कर्जरोख्यांचे मूल्यांकन, डेरिव्हेटिव्हज, जोखीम मापन आणि कायदा हे विषय बहुतेक ठिकाणी असतात. कामगिरी मोजताना केवळ परतावा पाहत नाहीत. जोखीममुक्त व्याजाहून जास्त मिळालेल्या परताव्याला प्रमाण विचलनाने भागून 'शार्प गुणोत्तर' काढतात. काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांना खऱ्या रकमेचा छोटा निधी चालवायला दिला जातो.

परदेशांत वित्तशास्त्राचे एक वर्षाचे अभ्यासक्रम बरेच आहेत. याच नावाची स्वतंत्र पदवी अमेरिकेतील येल विद्यापीठाने २०२१ पासून देण्यास सुरुवात केली. त्या विद्यापीठाचा कायम निधी १९८५ पासून २०२१ पर्यंत सांभाळणारे डेव्हिड स्वेन्सन यांचे कार्य या अभ्यासक्रमामागे आहे. सुमारे १ अब्ज डॉलरचा हा निधी २०२० पर्यंत ३१ अब्ज डॉलरवर पोहोचला होता.

विश्वस्ताची जबाबदारी

हा भाग परीक्षेत कमी गुणांचा असला, तरी विषयाचा गाभा हाच आहे. भारतीय विद्यार्थ्यासाठी 'युनिट ६४' इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. भारतीय युनिट ट्रस्टची १९६४ साली सुरू झालेली ही योजना मध्यमवर्गीय घरांत बँकेच्या ठेवीइतकीच सुरक्षित मानली जाई. परंतु युनिटची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः जाहीर करी; तिचा योजनेकडील रोख्यांच्या बाजारमूल्याशी थेट संबंध नव्हता. निधीत समभागांचे प्रमाण वाढत गेले, तरी धारकांना मात्र ही स्थिर उत्पन्नाची योजना वाटत राहिली. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली, तेव्हा निवृत्तीची पुंजी तीत ठेवलेल्या अनेकांना धक्का बसला. सरकारला साह्य करावे लागले आणि २००३ मध्ये ट्रस्टचे विभाजन झाले. निधीचे दैनंदिन मूल्य का जाहीर करावे लागते, हे या प्रकरणावरून नियमावलीपेक्षा लवकर समजते.

विद्याशाखेतील पेच

मायकेल जेन्सन यांनी १९६८ साली ११५ अमेरिकी म्युच्युअल फंडांची १९४५ ते १९६४ या काळातील कामगिरी तपासली. व्यवस्थापकांच्या निवडीमुळे सरासरीने बाजारापेक्षा अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. खर्च वजा न करताही चित्र फारसे बदलले नाही. बाजारातील सर्व गुंतवणूकदारांची सरासरी म्हणजे बाजारच, त्यामुळे शुल्क वजा जाता निवड करणारे सरासरीने मागेच राहणार, असा युक्तिवाद शार्प यांनी १९९१ मध्ये मांडला. म्हणजे जे कौशल्य शिकवायचे, त्याच्याच उपयुक्ततेबद्दल पाठ्यपुस्तक शंका घेते. फंड निवडणाऱ्या घरासाठी हा वाद पुस्तकी नाही: १ लाख रुपये वार्षिक १० टक्के दराने ३० वर्षांत सुमारे १७.४ लाख होतात; खर्चापोटी १ टक्का गेला तर सुमारे १३.३ लाखच उरतात. सर्व निधी सारखे नसतात, लहान कंपन्यांच्या समभागांत माहिती असमान असते, असे उत्तर व्यवस्थापकांकडून दिले जाते; ते सर्वस्वी फोल नाही. निर्देशांकाचे अनुकरण करणारे स्वस्त फंड मात्र या संशोधनामुळे रुजले. सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठीचा असा पहिला फंड जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्डने १९७६ मध्ये काढला. भारतात १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला वितरकाच्या दलालीविना 'थेट योजना' द्यावी लागते.

भारतातील सोय

भारतात हा विषय बहुधा दोन वर्षांच्या एम.बी.ए. किंवा तत्सम पदविकेत वित्त शाखेअंतर्गत शिकवतात. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्सचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे असून, तेथे रोखे बाजाराची पदव्युत्तर पदविका मिळते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट (१९६५) वित्तशिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. पदवीसोबत अनेक विद्यार्थी तीन टप्प्यांची सी.एफ.ए. परीक्षा देतात. अध्यापन व ग्रंथ इंग्रजीतच असल्याने मराठी माध्यमातून आलेल्यांना आरंभी परिभाषाच अडते. 'जोखीम' आणि 'परतावा' हे शब्द मराठीत स्थिरावले आहेत. 'पोर्टफोलिओ'ला मात्र सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही.